आरसीत नोंद नसलेला डबा

मा. परिवहन आयुक्त, कर्नाटक राज्य,
शांतिनगर, बेंगळूरु यांस

विषय: नव्या गाडीत मालकाला न सांगता बसवले जाणारे जीपीएस ट्रॅकर

महोदय,

हे पत्र मी बेळगावजवळच्या पिरनवाडीहून मराठीत लिहितो आहे. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणं मांडणाऱ्याला केंद्रात किंवा राज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत अर्ज करता येतो. तरीही कानडी प्रत वेगळी पाठवली आहे. भाषेच्या वादात मूळ कागद तळाशी जातो, हा आमच्याकडचा जुना अनुभव. हा कागद तरी वर राहावा.

मागणी आधीच सांगून टाकतो. गाडीचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र गाडीत असेल, तर त्याची नोंद गाडीच्या कागदांवर असली पाहिजे. ज्याची नोंद नाही ते यंत्र गाडीत असता कामा नये. एवढी साधी गोष्ट मागायला लांबलचक पत्र का लागावं, असं आपल्याला वाटेल. मलाही वाटत होतं.

आमच्या नाक्यावर रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक खानापूर, रामनगरवरून अनमोड घाटाकडे जातो, दुसरा जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ल्याकडे. दोन्ही वाटा गोव्यात उतरतात, आणि गोवेकरांच्या घरात शिजणारी बरीचशी भाजी याच वाटांनी खाली जाते. लहान मालवाहू गाडी हे त्यामुळे इथल्या कितीतरी पोरांचं भांडवल. पहाटे कोबी-फ्लॉवर भरायचा, दुपारी गणेबैलचा टोल भरत परत यायचं, संध्याकाळी मच्छे किंवा उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्याचा माल टाकायचा. माझं नाक्यावर झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. पासिंगचे, विम्याचे, हप्त्यांचे कागद माझ्या हातांखालून जातात. इंग्रजी कागदात काय लिहिलंय ते वाचून घ्यायलाही लोक माझ्याकडेच येतात.

असाच एकजण आला. आमच्याच गल्लीतला, मला मामा म्हणणारा. नवी गाडी काढलेली, पूजा होऊन फार दिवस झालेले नाहीत, आणि दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी बसलेली. शोरूमने बॅटरी तपासून "ओके" म्हणून परत पाठवलं. शेवटी त्याने उद्यमबागेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवलं. त्याने स्टिअरिंगखालचं पॅनेल उघडलं तेव्हा वायरिंगच्या जुडग्यात इन्सुलेशन टेपने गुंडाळलेली काळी डबी निघाली. दोन वायरी बॅटरीच्या सप्लायला जोडलेल्या, तिसरी इग्निशनच्या वायरीची साल काढून तिला पीळ मारून बसवलेली. वर कंपनीचं नाव नाही, नुसता पंधरा अंकी नंबर. इलेक्ट्रिशियनला काडीचंही नवल वाटलं नाही. "जीपीएस आहे. फिटिंग शोरूमचंच असणार बघ," म्हणाला आणि पॅनेल लावू की राहू दे, एवढंच विचारलं.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. शोरूमचं म्हणणं, सगळ्यांच्या गाडीत असतो, तुमच्याच सेफ्टीसाठी आहे. गाडीच्या बिलावर तसं काही नाही, फक्त "ॲक्सेसरीज पॅकेज" म्हणून एक ठोक रक्कम आहे. त्या पॅकेजात मॅट आणि सीट कव्हर एवढंच आहे अशी या पोराची समजूत होती. सेफ्टी माझी, तर गाडी कुठे आहे ते दाखवणारं ॲप कुणाच्या मोबाइलवर आहे, असं त्याने विचारलं. यावर फायनान्सवाल्यांकडे बोट दाखवण्यात आलं. फायनान्सवाल्यांनी करारनाम्याकडे दाखवलं. करारनामा माझ्याकडे आला. बारीक टाइपातला, इंग्रजी, पानापानावर पेन्सिलीने फुल्या मारून सह्या घेतलेला. त्यात एका कलमाच्या पोटात एवढंच होतं की कर्ज देणाऱ्याला योग्य वाटेल ते उपकरण वाहनात बसवता येईल. कोणतं, कधी, कुणाकडून, किती काळ, काहीही नाही.

मी विक्रेत्याचं आणि फायनान्स कंपनीचं नाव लिहीत नाही. हे एका दुकानाविरुद्धचं पत्र नाही, आणि नाव लिहिलं की खुलासा त्या दुकानाकडून येईल, तुमच्याकडून नाही. मला तुमच्याकडून हवा आहे.

तुमच्या खात्याचा डबाही मला ठाऊक आहे, आणि त्याला माझा विरोध नाही. दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या अत्याचारानंतर प्रवासी वाहनांत बायका-मुलींना मदत मागता यावी यावर देशभर बोललं गेलं. त्यातून केंद्रीय मोटार वाहन नियमांत नोव्हेंबर 2016 मध्ये नियम 125 एच आला, एआयएस-140 हे मानक आलं, आणि 1 जानेवारी 2019 पासून नव्या सार्वजनिक वाहनांना ट्रॅकर आणि संकटाचं बटण लागू झालं. कर्नाटकाने 2023 च्या अखेरीस जुन्या वाहनांवरही ते आणलं, त्यासाठी कंपन्या आणि दर ठरवून दिले. वाहतूकदारांनी खर्चावरून कुरकुर केली, ती रास्तही होती. पण त्या डब्याला काही शिस्त आहे. तो मान्यताप्राप्त कंपनीचा असतो, त्याचं प्रमाणपत्र मिळतं, वाहन पोर्टलवर त्याची नोंद होते, आणि माहिती कुठल्या केंद्रात जाते ते सांगता येतं. मालकाला तो आपल्या गाडीत आहे हे माहीत असतं.

आमच्या पोराच्या गाडीचं एकूण वजन 3,000 किलोच्या आत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 प्रमाणे अशा मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, आणि ज्याला परमिट लागत नाही त्याला 125 एच लागू नाही. म्हणजे सरकारने ज्या गाडीला ट्रॅकरच्या सक्तीतून सोडलं, तिच्यात कुणीतरी खासगीत ट्रॅकर बसवला. सरकारी डबा सतरा कागदांतून जातो. खासगी डब्याला इन्सुलेशन टेप पुरते.

हा प्रकार मूळचा आपला नाही. अमेरिकेत हे धंद्याचं जुनं अंग आहे. तिथले विक्रेते आवारात शेकडो गाड्या उभ्या करतात, त्यांतली कुठली कुठे आहे आणि कुणी पळवली तर नाही ना हे कळावं म्हणून प्रत्येकीत ट्रॅकर टाकतात. गाडी विकली जाते तेव्हा तोच ट्रॅकर "चोरीपासून संरक्षण" म्हणून गिऱ्हाइकाच्या बिलात जोडला जातो. गिऱ्हाइकाने नको म्हटलं तरी पुष्कळदा तो काढायची तसदी कुणी घेत नाही, नुसती सेवा बंद असल्याचं सांगतात. पुढची पायरी कर्जवाल्यांनी गाठली: हप्ता चुकला की दुरून गाडीचा स्टार्टर बंद करणारं यंत्र. न्यू यॉर्क टाइम्सने 2014 मध्ये यावर मोठं वृत्त दिलं, तेव्हा अशा सुमारे 20 लाख गाड्या होत्या. लास व्हेगासमधली एक आई तापाने फणफणलेल्या मुलीला दवाखान्यात न्यायला निघाली आणि गाडी चालूच होईना, हे त्याच वृत्तातलं. हप्ता काही दिवस मागे पडला होता.

आपल्याकडे विजेवरच्या रिक्षांच्या बॅटऱ्या हप्ता थकल्यावर दुरून बंद केल्या जातात, हे त्याच झाडाचं फळ. चोर्ला घाटात, पावसाळ्यात, धुक्यात, मागे माल भरलेला असताना कुणीतरी दूर बसून बटण दाबलं तर काय होईल, हा प्रश्न मी कल्पनेने रंगवत नाही. एवढंच विचारतो की आमच्या पोराच्या डबीत दुरून इंजिन बंद करणारी रिले आहे की नाही, हे त्याला कोण सांगणार? शोरूमने सांगितलं नाही. कागदात नाही. आणि वायरिंगला हात लावला तर वॉरंटी जाईल, अशी तंबी मात्र पहिल्याच दिवशी मिळाली होती. बाहेरच्या माणसाने वायरीची साल काढली की वॉरंटी जाते, शोरूममध्ये काढली की ती ॲक्सेसरी होते.

कर्ज देणाऱ्याची बाजू मी नाकारत नाही. गाड्या गायब होतात. या पट्ट्यात तर कर्नाटकात कर्ज काढून गाडी महाराष्ट्रात किंवा गोव्यात नेऊन चालवणं अवघड नाही. हप्ते बुडवणारेही आमच्यातलेच असतात. पण कायद्याने कर्ज देणाऱ्याला उघड्यावर सोडलेलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 प्रमाणे त्याचं नाव आरसीवर चढतं. त्याच्या संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. आमच्या गावच्या माणसाला हे चटकन कळतं, कारण शेतावर कर्ज काढलं की उताऱ्यावर बोजा चढतो. बोजा चढवला म्हणून सोसायटी बांधावर माणूस बसवत नाही. गाडी ताब्यात घ्यायची वेळ आली तर तीही कायद्याच्या वाटेने घ्यावी, दांडगाईने ओढून नेऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये एका बँकेच्या प्रकरणात खडसावून सांगितलं आहे.

आणि कर्ज फिटल्यावर? त्याची पद्धत तुमच्याच खात्याची आहे आणि चांगली आहे. बँकेची एनओसी येते, फॉर्म 35 वर दोन्ही बाजूंच्या सह्या होतात, आरसीवरचा बोजा उतरतो. हे फॉर्म मी रोज भरतो. नाक्यावरच्या एका जुन्या वाहनधारकाचा बोजा असाच उतरला, त्याने पेढेही वाटले, आणि पुढे सर्व्हिसिंगला सीट काढली तेव्हा खालचा डबा लुकलुकताना दिसला. कर्ज संपलं होतं, पाळत चालूच होती. बोजा उतरवायला तुमच्याकडे फॉर्म आहे. डबा उतरवायला कोणता?

गाडी कुठे आहे हे कळलं तर बिघडतं काय, असं मला बरेच जण विचारतात. लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला, असंही. मी त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा 8 जुलै 2024 चा निकाल सांगतो. अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका परदेशी आरोपीला जामीन देताना अट घातली होती की त्याने गुगल मॅपवर आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसेल असं ठेवावं. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी ती अट रद्द केली. जामिनावरच्या माणसाच्या हालचालींवर पोलिसांना सतत डोळा ठेवता येईल अशी अट घालता येत नाही, कारण ती त्याच्या खासगीपणाच्या हक्काला बाधा आणते. न्यायमूर्ती ओक त्याआधी तुमच्याच राज्याच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. आणि ज्या खासगीपणाच्या हक्काचा त्यांनी आधार घेतला, तो नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी मूलभूत ठरवला तो के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर. तेही कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती. या बाबतीत बेंगळूरुने देशाला पुष्कळ दिलं आहे. आरोपीला जे संरक्षण मिळालं, ते रोख डाउन पेमेंट भरून गाडी काढणाऱ्या भाजीवाल्याला का मिळू नये?

भाजीवाल्याच्या गाडीच्या वाटेत त्याचा अख्खा धंदा असतो. कुठल्या शेतकऱ्याकडून माल उचलतो, म्हापशात कुणाला टाकतो, कुठल्या हॉटेलशी त्याचं जमलंय. त्याचे आठवडाभराचे थांबे ज्याच्या हाती लागले, तो उद्या दुसरी गाडी घेऊन त्याच दारात उभा राहू शकतो. शिवाय दवाखाना, देऊळ, मशीद, वकिलाचं ऑफिस, सासुरवाडी, हे सगळं त्या वाटेत येतंच.

आमच्या भागाचं आणखी एक आहे, आणि ते जपून लिहितो. इथे गाडीच्या नंबरप्लेटचेसुद्धा दिवस असतात. 6 डिसेंबर 2022 ला हिरेबागेवाडीत महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले आणि त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं. ऑगस्ट 2020 मध्ये आमच्याच नाक्यावर पुतळ्यावरून तणाव झाला, बंदोबस्त लागला. असे दिवस आले की कोण मिरवणुकीला गेला, कोण सभेला, कोण नुसता भाजी टाकून घरी आला, या प्रश्नांना भलतीच धार येते. त्यांची मिनिटामिनिटाची उत्तरं अनोळखी कंपनीच्या संगणकात पडलेली असणं मला बरं वाटत नाही. ती मराठी माणसाची असोत की कानडी माणसाची.

बेळगाव लष्कराचंही गाव आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथे आहे, जवान आणि अधिकारी इथल्याच शोरूममधून गाड्या घेतात. नोव्हेंबर 2017 मध्ये धावपटूंच्या एका ॲपने जगभरातल्या व्यायामाच्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध केला आणि त्यात वाळवंटातले लष्करी तळ आपोआप उजळून निघाले. ते सैनिक स्वतःच्या हौसेने ॲप वापरत होते. इथे तर डबा आहे हेच माहीत नाही.

माहिती कंपनीकडे सुरक्षित राहते, असंही सांगितलं जाईल. कशी राहते, त्याचे दाखले देतो. मायकोडस या चिनी कंपनीचा एमव्ही 720 नावाचा स्वस्त ट्रॅकर आहे. जुलै 2022 मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने त्याबद्दल जाहीर इशारा दिला. कंपनीचे 15 लाख ट्रॅकर 169 देशांत चालू होते, आणि या यंत्रातल्या उणिवा अशा की परक्या माणसाला गाडीचा माग काढता यावा, इतकंच नाही तर तिचं इंधनही तोडता यावं. सुरुवातीचा पासवर्ड होता 123456. जानेवारी 2023 मध्ये काही संशोधकांनी स्पायरिऑन या अमेरिकी ट्रॅकर कंपनीच्या यंत्रणेत शिरून दाखवलं. तिथून दीड कोटीहून जास्त वाहनांपर्यंत पोचता येत होतं, त्यांत पोलिसांच्या गाड्याही होत्या. डिसेंबर 2024 मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे 8 लाख विजेवरच्या गाड्यांची माहिती उघड्यावर पडलेली सापडली. बड्या कंपन्यांची ही गत, तर पंधरा अंकी नंबरापलीकडे ओळख नसलेल्या डबीचा सर्व्हर कुठे आहे आणि त्याची किल्ली कुणाकडे, हे विचारायलाच नको. नोएडा पोलिसांनी 2021 मध्ये एकाला पकडलं होतं. तो आपली गाडी ऑनलाइन विकायचा, आतल्या जीपीएसवरून ती कुठे उभी आहे ते बघायचा, दुसऱ्या किल्लीने चोरून आणायचा आणि पुन्हा विकायचा. त्याला कुठलाही सर्व्हर फोडावा लागला नाही. गाडीत डबा आहे हे घेणाऱ्याला माहीत नसणं, एवढं त्याला पुरलं.

कारखान्यातूनच इंटरनेट जोडून येणाऱ्या गाड्यांचा विषय मोठा आहे, तो या पत्रात घेत नाही. निदान त्यात ॲप मालकाच्या हातात असतं आणि माहितीपुस्तिकेत चार ओळी असतात.

आता तुमच्या खात्याचा संबंध. पूर्वी नवी गाडी पासिंगला आरटीओच्या दारात जायची. निरीक्षक चेसिस नंबर बघायचा, गाडीभोवती एक फेरी मारायचा. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 44 बदललं, आणि अधिकृत विक्रेत्याने विकलेली नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी समोर आणण्याची गरज उरली नाही. लोकांचा हेलपाटा वाचला, एजंटांची रांग कमी झाली, हे चांगलंच झालं. पण त्यामुळे नवी गाडी रस्त्यावर येण्याआधी तिला पाहणारा शेवटचा माणूस विक्रेता उरला. अर्ज तो भरतो, कर तो भरतो, विक्रीचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म 21 तो देतो. सरकारचं काम तुम्ही त्याच्या हाती दिलं आहे, आणि त्याला लागणारं ट्रेड सर्टिफिकेट तुमच्याच खात्याकडून मिळतं. तेव्हा हा आमच्या आणि दुकानदाराच्या मधला खासगी मामला आहे, असं उत्तर कृपा करून देऊ नये.

माझी सूचना अशी आहे. गाडी ताब्यात देताना विक्रेत्याने एका कागदावर लिहून द्यावं की कारखान्यातून आलेल्या गाडीत त्याने किंवा त्याच्याकडून दुसऱ्या कुणी माग काढणारं किंवा इंजिन बंद करणारं यंत्र बसवलेलं नाही. बसवलं असेल तर त्याचा नंबर, ते कुठे बसवलं, कुणासाठी, किती काळासाठी आणि माहिती कोण पाहतो. हा कागद नोंदणीच्या अर्जाबरोबर अपलोड व्हावा. कर्जासाठी बसवलेल्या यंत्राची नोंद आरसीवरच्या बोजाशेजारी दिसावी आणि फॉर्म 35 बरोबर ते काढल्याची खातरी दिल्याशिवाय बोजा उतरवण्याचं काम पूर्ण धरू नये. दुरून इंजिन बंद करणाऱ्या रिलेला मालवाहू किंवा प्रवासी गाडीत जागाच असू नये, असं माझं मत आहे. तुम्हाला ते टोकाचं वाटलं तर निदान गाडी चालू असताना ती वापरता येणार नाही, एवढं तरी बंधन घाला. केंद्राच्या नियमांत बदल लागणार असेल तर राज्याकडून तसं पत्र दिल्लीला जाऊ द्या. तोवर खात्याचं परिपत्रक काढायला कुणाची हरकत असेल असं वाटत नाही.

कर्जदारांच्या मोबाइलबाबत रिझर्व्ह बँकेने हे करून दाखवलं आहे. 2 सप्टेंबर 2022 च्या डिजिटल कर्जांच्या मार्गदर्शक सूचनांत तिने सांगितलं की कर्जाच्या ॲपने फोनमधले फोटो, संपर्क, कॉलची यादी यांना हात लावू नये. कॅमेरा किंवा ठिकाण लागलंच तर ते ओळख पटवण्यापुरतं, एकदाच आणि स्पष्ट संमतीने. पाच हजारांच्या कर्जासाठी फोनला जे संरक्षण आहे, ते पाच लाखांच्या कर्जावरच्या गाडीला नाही.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, आणि त्यातली मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. त्या कायद्याप्रमाणे संमती मोकळी, नेमकी आणि समजून दिलेली असावी लागते, ती मागेही घेता येते. आमच्या दृष्टीने त्यातला सर्वांत मोलाचा भाग असा की संमतीची मागणी इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय माणसाला द्यावी लागेल. त्या परिशिष्टात कानडी आहे, मराठी आहे, आणि गाडी ज्या गावी जाते तिथली कोकणीही आहे. मराठीत कागद मिळावेत म्हणून बेळगावात माझ्या आधीच्या पिढीने निवेदनं देता देता चपला झिजवल्या. आता फायनान्स कंपनीला संमतीचा कागद मराठीत द्यावा लागेल, आणि तोही सीमाप्रश्नाचा स सुद्धा न उच्चारता. मला याची गंमत वाटते. पेन्सिलीच्या फुल्यांवर घेतलेली सही त्या कसोटीला उतरणार नाही, हे कंपन्यांनाही ठाऊक असणार. म्हणूनच मधल्या काळात जास्तीत जास्त डबे बसवून घेण्याची घाई होईल, अशी मला शंका आहे, आणि म्हणूनच मी वाट न पाहता आता लिहितो आहे.

हे पत्र उघड असल्याने शेजारच्यांसाठी चार ओळी. गाडी ताब्यात घेताना स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डच्या मागे, सीटखाली आणि बॅटरीजवळ टॉर्च मारून बघा. कारखान्याची वायरिंग सहसा नीट आवरणात असते. मधेच साल काढून टेपने गुंडाळलेला जोड दिसला की थांबा. डबा सापडला तर रागाने तोडू नका. फोटो काढा, नंबर लिहून घ्या, विक्रेत्याला आणि कर्ज देणाऱ्याला लेखी विचारा. कर्ज चालू असेल आणि करारात यंत्राचं कलम असेल, तर परस्पर काढलेला डबा तुमच्यावरच उलटू शकतो. ॲक्सेसरीज पॅकेजची फोड लेखी मागा. न मागितलेली वस्तू गाडीबरोबर गळ्यात मारली असेल तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि बेळगावात जिल्हा ग्राहक आयोग आहे.

आमच्या पोराने लेखी विचारणा केली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. डबी तशीच आहे. गाडी दोन दिवस उभी राहणार असेल तर तो बॅटरीची वायर काढून ठेवतो.

महोदय, डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात भरतं. त्या दिवसांत तुमचे अधिकारीही इथे असतात. हलगा ते पिरनवाडी अंतर फार नाही. एका पहाटे, भाजीच्या गाड्या निघायच्या वेळी, आपला एक निरीक्षक नाक्यावर पाठवा. दंड करायला नव्हे. नव्या पासिंगच्या गाड्यांची पॅनेलं मालकांच्या संमतीने उघडून बघायला. इलेक्ट्रिशियन आम्ही आणतो, टॉर्चही आमचाच. सापडलेल्या डब्यांचे नंबर वाहन पोर्टलवर तिथेच टाकून बघू, आणि जे तिथे मिळणार नाहीत त्यांची यादी मी त्याच सकाळी झेरॉक्स काढून आपल्या हातात देतो.

आपला नम्र,
पिरनवाडी नाक्यावरचा एक झेरॉक्सवाला